आक्कांच्या तळहातावरचं पाणी

आक्कांचं कुठल्याही गोष्टीला पहिलं उत्तर "न्हाई" असायचं. चहा घेता का? न्हाई. पंखा लावू का? न्हाई. बसूची बायको सुनंदा सुरुवातीला हिरमुसायची. मी तिला समजावलं, अगं, हा त्यांचा सुरुवातीचा भाव आहे. थोडं थांब. पाच मिनिटांनी आक्का चहा घ्यायच्या, वर साखर कमी पडली म्हणून सांगायच्या. उदगीरच्या मोंढ्यात पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी मस्कतमध्ये नळ-पाइपांचं दुकान चालवण्यापर्यंत पोचलो होतो. समोरच्याचं कुठलं "नाही" खरं आणि कुठलं कच्चं, हे ओळखण्यावरच माझं घर चालत होतं.

बसवराज, म्हणजे आमचा बसू, जळकोटचा. मस्कतमध्ये वीजखात्याच्या कामावर होता. वडील लहानपणीच गेले. आईनं एकटीनं कोरडवाहू शेती कसली आणि त्याला लातूरला ठेवून शिकवलं. ती आई म्हणजे आक्का. बसूला मुलगी झाली तेव्हा तो त्यांना मस्कतला घेऊन आला. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्या माझं दुकान बघायला आल्या. भिंतीभर लावलेले चकचकीत नळ एकेक करून फिरवून बघितले आणि म्हणाल्या, "एवढे नळ, अन् एकाला बी पाणी न्हाई. आमच्या गावासारखंच हाय की रं मन्मथा."

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कुणी सवयीनं उस्मानाबाद जिल्हा म्हटलं, की आक्का लगेच दुरुस्त करायच्या. लातूर जिल्हा म्हणा, आमचा आमचा जिल्हा झालाय. आणि लगेच पुढे स्वतःच जोडायच्या, "कलेक्टर आला. पाणी कवा येतंय ते बघू."

पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात फार आखडता. पाहुण्याला आधी अर्धाच पेला द्यायच्या, लागलं तर आणखी देते म्हणायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी गॅलरीत पत्र्याच्या डब्यात लावलेल्या मिरचीला. बहात्तरच्या दुष्काळात त्या नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी माझ्या दुकानातला शॉवर दाखवत होतो म्हणून. सांगून झाल्यावर म्हणाल्या, असलं काही विकत जाऊ नकोस, लोकांच्या सवयी बिघडतात.

रोज सकाळी त्यांची लिंगपूजा चाले. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, एक पळीभर पाणी घालायचं, भस्म, बेल नसेल तर नुसत्या अक्षता. पळी एकच. खाली धरलेल्या वाटीत ते पाणी पडायचं आणि तेच तीर्थ म्हणून घेतलं जायचं. आम्हा लिंगायतांत दीक्षा झाली की लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. हरवलं, तर जंगमाच्या, म्हणजे आमच्या गुरूच्या, हातून दुसरं मिळेपर्यंत तोंडात अन्न नाही, पाणी नाही, असं जुनी माणसं मानायची. पुष्कळांनी हे केव्हाच सैल केलं. आक्कांनी केलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही तीन घरांनी डोंगरात तंबू ठोकून राहायचं ठरवलं. आमचं, बसूचं आणि उमरीच्या रशीदभाईंचं. रशीदभाईंची पिकअप होती, तंबू त्यांच्या अरबाबाचे, म्हणजे मालकाचे, होते. आक्का म्हणाल्या, न्हाई. डोंगरात काय ठेवलंय, आमच्याकडं दगड कमी हायत का? बसूनं लगेच हात टेकले आणि सुनंदाला आईजवळ ठेवायचं बोलू लागला. मी म्हटलं, थांब. मी आक्कांना सांगितलं की तिथे वरच्या खडकातून झरा येतो, बांधलेल्या पाटातून गावातल्या खजुरांना जातो आणि उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. आक्कांनी मान वळवली. "उन्हाळ्यात बी?" मी म्हटलं, उन्हाळ्यात बी. त्या उठून पिशवी भरायला लागल्या.

आता यात मी काय चूक केली, ते मला आजही कुणी सांगावं.

तिथे पोचल्यावर त्या पाटाच्या कडेला ज्या बसल्या, त्या स्वयंपाकालासुद्धा उठेनात. बायकांनी भाकरी थापल्या, रशीदभाईंनी मटण वेगळ्या चुलीवर, लांब, वाऱ्याची दिशा बघून शिजवलं. आक्का पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. मधूनच नातीला बोलावून तिचे पाय बुडवायच्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, कुणी बंद करत न्हाई व्हय रं हे? मी नाही म्हटलं. त्यांनी हसून तोंडावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पूजेला पाटावरच बसल्या. पळी पिशवीतच राहिली. मी थोड्या अंतरावर दात घासत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजून पाणी घातलं नाही. डावा हात लिंगासकट सरळ वाहत्या पाण्याखाली धरला, डोळे मिटले आणि पाणी वाहू दिलं. मला ते बघून बरं वाटलं, हे खरं सांगतो. मग त्यांचे डोळे उघडले. तळहात रिकामा होता.

त्या ओरडल्या नाहीत. हात तसाच धरून बसून राहिल्या. बसूला वाटलं काही चावलं.

आम्ही पाटात उतरलो. पाण्याला ओढ होती आणि खाली तो पाट एका ठिकाणी जमिनीच्या पोटात शिरत होता. गावातला एक म्हातारा अरब काय झालं म्हणून विचारायला आला. मी नेहमीच्या सवयीनं बोली करू लागलो की पाणी अडवायचं काय घेशील. रशीदभाईंनी मला मागे ओढलं आणि त्याला एवढंच सांगितलं की या अम्माची अमानत पाण्यात गेली आहे. म्हातारा तसाच वर गेला, दगड आणि चिंध्या लावून त्यानं पाट दुसरीकडे वळवला. त्या दिवशी ज्यांच्या बागेची पाळी होती, तेही येऊन चिखल चाळू लागले. खडे निघाले, एक बांगडी निघाली, लिंग काही निघालं नाही. ऊन चढलं. म्हाताऱ्यानं आमच्याकडे बघितलं आणि पाणी परत सोडलं. त्याच्या झाडांनाही ते हवं होतं.

मग मी खाली बसलो आणि बोलायला सुरुवात केली. माझ्या गळ्यातलं लिंग काढून पुढे केलं. आक्का म्हणाल्या, तुझं तुला, उष्टं ताट पुढं सारू नको. मी म्हटलं परदेशात नियम वेगळे. न्हाई. बसू रडला. सुनंदानं नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. रशीदभाई पेला घेऊन वाकले, "अम्मा, हाथ जोडतूं, एक घूंट पी लेव, गुन्हा मेरे सर पे." आक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पेला पाटात ओतायला लावला. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं त्यांचं "न्हाई" मी मऊ होताना बघितलं होतं. पण या वेळी त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यात रुसवा नव्हता, काही मागणंही नव्हतं. जिथे समोरच्याला काहीच नको असतं तिथे माझ्यासारख्यानं काय करायचं?

मस्कतला परतलो तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. शुक्रवार, सगळं बंद. बसूचा पासपोर्ट त्याच्या साहेबाकडे अडकलेला. मी त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा केला आणि तो काढून आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात दोन जागा मिळवल्या. फोन करून मठात महाराजांना गाठलं. ते म्हणाले, तिला म्हणावं पाणी घे, दोष माझ्याकडे. आक्कांनी ऐकून घेतलं. "महाराज मोठे. पर त्यांनी अजून माझ्या हातावर लिंग कुठं ठेवलंय?" मग मी उदगीरचे एक जंगम मुंबईत मुलाकडे राहत होते, त्यांना विमानतळावर लिंग घेऊन उभं राहायला राजी केलं. डॉक्टरला घरी आणलं. मी आक्कांना म्हटलं, तोंडानं प्यायचं नाही ना? मग सलाईन घ्या, ते सुईनं जातं. मला वाटलं, ही फट सापडली. त्यांनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. "पाणी ते पाणीच की रं," म्हणाल्या, आणि कूस बदलली.

विमानतळावर बसू सामान घेऊन रांगेत होता. आक्का चाकाच्या खुर्चीत, मी शेजारी उभा. त्यांनी मला खुणेनं खाली वाकायला लावलं. जीभ टाळूला चिकटत होती, एकेक शब्द तोडून आला.

"तू आणलंस म्हणून तोंड पाडू नगंस. लई ग्वाड पाणी हुतं. हात कुठंय त्येचं भानच ऱ्हायलं न्हाई मला." थोडं थांबून म्हणाल्या, "असं कवा झालंच नव्हतं."

मुंबईत त्यांना लिंग मिळालं, त्यांनी तीर्थ घेतलं, पाणीही प्याल्या. पण मूत्रपिंडं तेवढ्यात बिघडली होती. त्या जळकोटला गेल्या, अंथरुणावर राहिल्या आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. मी जाऊ शकलो नाही.

बसू मस्कतला परत आला, पण माझ्याकडे आला नाही. लोकांकडून ऐकू यायचं, मन्मथनं नेलं म्हणून. आक्का न्हाई म्हणाली होती, मन्मथनं पटवलं. शेवटी मीच त्याच्या दारात गेलो. आत ये म्हणाला नाही. उंबऱ्यावरच उभं राहून मी त्याला विमानतळावरचं सांगितलं, आक्कांच्याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मला वाटलं होतं, त्याला तरी त्यानं बरं वाटेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मन्मथ, तुला कुठल्या गिऱ्हाईकाशी काय बोलावं हे बरोबर कळतं."

आक्का तिथे नव्हत्या, आणि त्यांचं बोलणं ऐकायला माझ्याशिवाय दुसरं कुणीच खाली वाकलेलं नव्हतं.