गुलाबबाईची मुकी शाळा

फकिरा नाइट शिफ्ट करून परतला की दुर्ग जिल्ह्यातल्या कुरुदमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कोणी बोलत नसे.

तो पाय धुवायचा. चहा प्यायचा. भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. उजेड आत येऊ नये म्हणून गुलाब दाराला गोधडी टांगायची. मग आतल्या खोलीत शाळा भरायची. शिकवणारी एक, शिकणारे दोन, आणि आवाज कोणाचाच नाही.

फकिरा पोलादाच्या प्लांटमध्ये, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर होता. एकदा दिवसा झोप झाली नव्हती आणि रात्री भट्टीवर त्याला डुलकी लागली. पाय भाजला. जीव वाचला तो नशिबाने. तेव्हापासून घरात एकच कायदा होता. बापाचे डोळे मिटले की सगळ्यांची तोंडं मिटली पाहिजेत. बाकीच्या गोष्टींवर भांडणं होत. यावर कधी झाली नाहीत.

शाळा घरात आली ती थोरल्या लेकीच्या, जयाच्या आजारपणामुळे. एक्क्याऐंशी साली तिला टायफॉइड झाला. ताप गेला, पण अशक्तपणा वर्षभर हलला नाही. शाळेने नाव काढून टाकलं. पोरगी उभी राहिल्यावर गुलाब तिला घेऊन गेली, तर मास्तर म्हणाले, हिला आता दोन वर्ग खाली बसवा.

गुलाबने पोरीचं बोट धरलं आणि घरी आली.

"तिचं आंग आजारी होतं," ती फकिराला म्हणाली, "डोकं नाही. खाली कावून बसंन ते? मी शिकवतो तिले घरीच."

"तू मास्तरीण हायेस का?"

"सातवी झाली हाये माही."

"ते मराठीतली. इथं सारं हिंदीत हाये."

"मंग हिंदी शिकतो. कोणाच्या बापाची हाये का हिंदी?"

धाकटा केवल बहिणीशिवाय शाळेत जाईना. गुलाबने त्यालाही ठेवून घेतलं.

फकिरा वाईट माणूस नव्हता. पण पवनीजवळच्या गावात त्याची आई, गिरजाबाई, एकटी होती. तिचे गुडघे गेले होते. पाणी भरायला, गायी बघायला हात हवे होते. जयाला तिकडे पाठवावं असं त्याच्या मनात घोळतच होतं. शेवटी त्याने सौदा केला. आठवीच्या बोर्डाला जयाने शाळेत न जाता, प्रायव्हेट बसावं आणि पास व्हावं. नाही जमलं, तर पोरगी गावी जाणार.

गुलाब हो म्हणाली. गावी जाणं म्हणजे काय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः आठवीचं पुस्तक हातात घेणार तेवढ्यात भाताच्या रोवणीला गेली होती. चिखलातून पाय काढला तो थेट लग्नाच्या मांडवात.

तिने आधी चूल आवरली. शिकवायचं तर सकाळ मोकळी हवी, आणि सकाळी सिगडी पेटवली की धूर, भांडी, खोकला, सगळंच आलं. शेजारची छत्तीसगडी बाई रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायची आणि सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायची. बासी म्हणायची त्याला. गुलाबने तेच उचललं. स्वयंपाक एकदाच, संध्याकाळी. कोळसा निम्मा लागू लागला. परसात लाल भाजी होती, भोपळ्याचा वेल होता. फकिरा पहिले काही दिवस ताटाकडे बघून कुरकुरला. मग उन्हाळा आला आणि थंड बासी त्याला आवडू लागली. हे त्याने कबूल मात्र केलं नाही.

पलीकडच्या घरातली सिंधुताई कुंपणावरून बघत असायची.

"गुलाब, तू तं पुरी छत्तीसगडी झाली वं. उद्या मराठी बी विसरशीन."

"विसरली तं बरंच. हिंदीचं पुस्तक तरी लवकर समजंन."

"आन् शाळा कशी वं तुही? पोरं बोलत नाहीत, तू बोलत नाहीस. मुक्याची शाळा हाये का?"

ते नाव चिकटलं. गल्लीत सगळे मुकी शाळाच म्हणू लागले.

मुकी शाळा भरायची ती एका भिंतीवर. गुलाबने आतल्या खोलीची मातीची भिंत शेण, काळी माती आणि कंदिलाची काजळी कालवून सारवली होती. ती फळा झाली. लिहायला छुई. इकडे घरांच्या भिंती रंगवायला जी पांढरी माती वापरतात, तिच्या ती बोटाएवढ्या कांड्या वळायची आणि उन्हात वाळवायची. गुलाब भिंतीवर प्रश्न लिहायची, पोरं खाली उत्तर लिहायची. चुकलं की ती अंगठ्याने पुसायची. तिचं हिंदी चुकलं की जया पुसायची. आई लेकीच्या हातून चूक पुसून घेते, आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. घरच मुळी तसं होतं.

पाढे बोटांवर. शब्द पाठीवर. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने लिहायचं, दुसऱ्याने ते भिंतीवर उतरवायचं. केवलला गुदगुल्या व्हायच्या. तो तोंडात गमछा कोंबून हसायचा.

पुस्तक प्रत्येक विषयाचं एकच, तेही कोणाचं तरी जुनं. दोघं समोरासमोर बसायची आणि मध्ये पुस्तक. जयाला सुलटं, केवलला उलटं. काही महिन्यांनी गुलाबच्या लक्षात आलं की पोरगा उलटं पुस्तक भराभर वाचतो आणि सुलटं दिलं की अडखळतो. मग तिने दर आठवड्याला जागा बदलायला लावल्या.

फकिरा सकाळच्या पाळीला असला की चित्र पालटायचं. तो सहाच्या आत प्लांटच्या गेटावर, आणि मागे घरात हलकल्लोळ. आठवडाभर साठलेल्या कविता, पाढे, नद्या, राजे, सगळं ओरडून बाहेर पडायचं. सिंधुताई म्हणायची, याच्यापेक्षा मुकीच बरी होती.

अशी वर्षं गेली. केवलने पाचवी बोर्डाची तयारी केली. जयाची आठवीची वेळ आली.

प्रायव्हेटचा फॉर्म भरायचा तर जवळच्या कोहक्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांची सही लागे. दयाराम गुरुजी. इथलेच, छत्तीसगडी. धोतर नेसणारे, कडक. त्यांनी गुलाबला सांगितलं, "पहले बच्चों को देखूँगा. घर में क्या पढ़ा है, पता तो चले."

ही गोष्ट फकिराच्या कानावर गेली. तो जेवता जेवता म्हणाला, "सही नाही भेटली तं गावी बुढीले निरोप धाडतो." जया ताटावरून उठली नाही, पण पुढचा घास तिने घेतला नाही.

रविवार होता. हिवाळ्यातली दुपार. शाळेच्या व्हरांड्यात गुरुजी खुर्चीत बसले होते, नुकतेच जेवून आलेले. त्यांनी गुलाबला पायऱ्यांपाशी थांबायला सांगितलं. आईने खाणाखुणा करायच्या नाहीत. दोन्ही मुलं त्यांच्यासमोर उभी राहिली.

गुरुजींनी जयाला विचारलं, पाऊस कसा पडतो. आणि मान मागे टाकून डोळे मिटले. ती त्यांची ऐकायची रीत होती. ऐकायचं असलं की ते असेच बसत.

जया बोलली नाही.

गुरुजींनी डोळे उघडले. "क्यों? नहीं आता?"

"आता है," जया म्हणाली. "सूरज की गर्मी से..."

गुरुजींनी समाधानाने डोळे मिटले. जया मध्येच थांबली.

त्यांनी केवलला विचारलं. तो तोंड उघडणार तोच गुरुजींच्या पापण्या खाली आल्या. केवलने तोंड मिटलं. वर बहिणीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पायऱ्यांपाशी उभी गुलाब हे बघत होती. आपण इतकी वर्षं काय केलं? पोरांना शिकवलं, की त्यांची जीभ कापली? तिला गिरजाबाईचं अंगण दिसलं. विहीर दिसली. डोक्यावर दोन घागरी घेतलेली जया दिसली.

गुरुजी वैतागले. "बाई, ले जाओ इनको. कुछ नहीं आता." आणि थकून पुन्हा डोळे मिटले. तेव्हा गुलाबने जयाकडे पाहिलं. जयाचं बोट केवलच्या पाठीवर चाललं होतं. ती उत्तर लिहीत होती.

गुलाब पायऱ्या चढून वर आली.

"गुरुजी, आप आँख बंद मत करो."

"क्या?"

"इनके बाबूजी नाइट करते. दिन में सोते. आदमी ने आँख बंद करी, तो मेरे घर में कोई बोलता नहीं. बच्चों को लगा, आप सो गए."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बहाने बहुत सुने, बाई. ऐसा नहीं सुना." त्यांनी टेबलावरचा खडूचा डबा उचलला आणि जयाच्या हातात दिला. "ठीक है. मैं आँख बंद करके बैठता हूँ. बोल नहीं सकते, तो लिखो. जो आता है, सब लिखो. ये पूरा बरामदा पड़ा है."

आणि त्यांनी मुद्दाम, घट्ट डोळे मिटले.

पण पोटात जेवण होतं. पाठीवर ऊन होतं. थोड्या वेळात गुरुजी खरंच घोरू लागले.

गुलाबला वाटलं, त्यांना उठवावं. ती एक पाऊल पुढे आली. जयाने तिच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. आईला दटावलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि लिहू लागली.

गुलाब बघत उभी राहिली. खांबापासून उंबऱ्यापर्यंत काळी फरशी पांढरी होत गेली. पाऊस कसा पडतो. पानाला हिरवा रंग कशाने येतो. व्याजाची गणितं. एक पूर्ण निबंध. यातलं बरंच तिने शिकवलं होतं. पण काही तिने शिकवलंच नव्हतं. जया कधी तरी पुस्तकात पुढे निघून गेली होती, एकटीच, आणि मुक्या शाळेत ते आईला कळलंही नव्हतं. गुलाबने पदर तोंडाशी धरला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच सांगता आलं नसतं.

चपराशी चहा घेऊन आला. केवलने त्याला लांबूनच थांबवलं, खुणेने परत पाठवलं. तो मोठा माणूस, पण मुकाट्याने गेला. केवल नकाशा काढत होता. अख्खा मध्य प्रदेश. जागा कमी पडली म्हणून त्याने तो गुरुजींच्या खुर्चीच्या पायांभोवतीही काढला.

गुरुजी जागे झाले तेव्हा ऊन सरकलं होतं. त्यांनी पायाशी पाहिलं. मग दूरवर पाहिलं.

"ये का हे?" त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली. "मैं कहाँ बैठा हूँ?"

केवल म्हणाला, "बस्तर में, गुरुजी."

गुरुजी उठले. धोतर घोट्याच्या वर धरलं आणि पाय जपून टाकत चालू लागले.

"गुरुजी, नर्मदा!" जया ओरडली. गुरुजी नर्मदा ओलांडून गेले.

त्यांनी सगळं वाचलं. वाकून, थांबून, एकेक ओळ. मग ते नकाशापाशी परत आले आणि बोट दाखवलं. "शिवनाथ नर्मदा में मिला दी? दुर्ग जिले का लड़का है तू. घर की नदी है. महानदी में जाती है." केवलचा चेहरा पडला. गुलाबने मान खाली घातली.

"मिटा," गुरुजी म्हणाले. "ठीक कर." केवलने बोटाने नदी पुसली आणि योग्य जागी नेऊन सोडली. मग गुरुजी खुर्चीत बसले, डोळे वटारून म्हणाले, "अब आँख खुली है. बोलो." आणि दोघं अशी बोलू लागली की फाटकाशी उभा चपराशी आत धावत आला.

सही झाली. दोन फॉर्मवर, दोन सह्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात गिरजाबाई आली. निकालाआधीच. तिने ठरवून टाकलं होतं. प्रायव्हेट बसून कोणी पास होतं का? आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने जयाचे कपडे धुऊन वाळवले आणि त्यांचं गाठोडं बांधलं. गुलाबने गाठोड्याला हात लावला नाही. सौदा तिने मान्य केला होता. निकाल लागेपर्यंत गाठोडं कोपऱ्यात राहिलं.

निकालाच्या दिवशी फकिराची सकाळची पाळी होती. तो घरी आलाच नाही, प्लांटमधून थेट कोहक्याला गेला. कपड्यांवर कोळशाची भुकटी तशीच. सिंधुताईने नंतर सांगितलं, तो शाळेतल्या निकालाच्या फळ्यापुढे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होता. "हे नाव वाचा. माही पोरगी हाये. घरी शिकली. तिच्या मायनं शिकवलं."

तो गल्लीच्या तोंडापासून सायकलची घंटी वाजवत आला.

"फस्ट!" तो दारातून ओरडला. "जया फस्ट डिव्हिजन! केवल बी पास!"

जया बापाच्या काळ्या सदऱ्याला बिलगली. केवल अंगणात उड्या मारू लागला. गुलाब भिंतीला टेकून खाली बसली.

गिरजाबाईने विचारलं, "फस्ट मंजे काय रे बाबू?"

"मंजे सगळ्याइच्या वर, माय."

फकिरा गुलाबपुढे उकिडवा बसला. "आता नववी. ते बी घरीच शिकवशीन का?"

"नाही," गुलाब म्हणाली. "नववीचं गणित मले नाही येत. तिले शाळेत घाला. नववीतच घाला. आता कोणी तिले खाली बसवून दाखवावं."

फकिराने मान हलवली. ही बाई आपल्याला विचारत नाही, सांगते आहे, हे त्याला कळलं. आणि ते त्याला आवडलं.

"मंग माह्या गायी कोण पाहीन?" गिरजाबाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. ती खरंच विचारत होती.

म्हातारीने गुडघे चोळले. अंगणात नाचणाऱ्या नातवाकडे पाहिलं, बापाला बिलगलेल्या नातीकडे पाहिलं.

"गायी पुतण्याले देऊन टाकजो," ती शेवटी म्हणाली. "मीच राहतो इथं. पोरगी नाही येत तं म्हातारीले तरी ठेवून घ्या."

फकिराने गुलाबकडे पाहिलं. घर तिचं होतं.

"राहा ना, माय," गुलाब म्हणाली. ती उठली, कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं, त्याची गाठ दातांनी सोडली आणि जयाचे कपडे एकेक करून पुन्हा खुंटीला लावले.