‘माझ्यामुळे’ म्हणणारी मुलं

वाटेतल्या पापनाशमहून फोन आला तो बसच्या कंडक्टरचा, अक्काच्याच मोबाईलवरून. "अम्मा, या बाई तुमच्या कोण?" पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझी मावसबहीण सरसाक्का कुंभकोणमहून तंजावूरला परतताना, बसल्या जागी गेली होती. महिना झाला, अजून दुपारी फोन वाजला की मी तो वाजून बंद होऊ देते.

अक्का कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, पण तिचं खरं काम तास संपल्यावर. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरी कुणी ना कुणी पोर रडत बसलेलंच. मी चिडायची, "अगं, यांना आईबाप नाहीत का?" ती हसायची. "आईबापांना मार्क दिसतात गं. अबोल पोराला वाटतं, सगळे आपल्यालाच हसतात. पहिल्या नंबरच्या पोरीला वाटतं, दोन मार्क गेले म्हणजे जन्म फुकट. जसा स्वभाव, तसं भूत. मन चिंती ते वैरी न चिंती!" माझ्या लेकीबद्दल, गौरीबद्दल म्हणायची, "ही सगळ्यांचं ओझं डोक्यावर घेणारी. पाऊस लांबला तरी म्हणेल, माझंच चुकलं."

आणि नेमकं तेच झालं. त्या दिवशी परीक्षेच्या धास्तीने गौरीनेच तिला कुंभकोणमच्या हॉस्टेलवर बोलावलं होतं. अक्का गेली, पोरीला जेवू घातलं, हसवलं आणि परतीची बस धरली... "मी बोलावलं नसतं तर मावशी जिवंत असती." हे एकच वाक्य घेऊन गौरी घरी येऊन बसली. परीक्षा नको, ताट नको. मी समजावलं, ओरडले, देवळात नेलं. हा गुंता जिला सोडवता आला असता तीच नव्हती. देवा, काय हा न्याय!

परवा तिला अक्काच्या घरी, भावोजींकडे घेऊन गेले. वाळून गेलेत बिचारे. म्हणाले, "ती टॅक्सी करू म्हणत होती. मीच म्हटलं, बसने जा. मीच मारली तिला."

गौरी उसळली. "काका, काहीतरीच काय! मावशीचं हृदय केव्हापासून अधू होतं. बसने पाठवलं म्हणून कुणी मरतं का?"

भावोजी म्हणाले, "मग बोलावलं म्हणून तरी कसं मरेल, कण्णा, बाळा?"

गौरी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून, महिन्यात पहिल्यांदाच, मोठ्याने रडली. मी जवळ जाणार होते... पण पोरं अशी रडायला लागली की अक्का काही न बोलता आत जाऊन कॉफी ठेवायची. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दूध तापत ठेवलं.