मैनाकाकीचं मत

मैनाकाकीला दोन नावं होती. माहेरचं मैना, आणि लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं राजश्री. राजश्री म्हणजे कोणीतरी मोठ्या घरची बाई असावी, असं तिला वाटायचं. त्या नावानं तिला तिच्या नवऱ्यानं, सोनूनंही कधी हाक मारली नाही. तो मुंबईत खानावळीत कामाला होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, मैनाच म्हणायचा. एका वर्षी तो न येता त्याचं आजारपण कळलं, आणि पुढच्या आठवड्यात तो गेल्याचं. त्यानंतर मैना पालीजवळच्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला लागली. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते. बोटांना राख चोळून बायका कामाला बसत, तरी वर्षा-दोन वर्षांत हात काळे पडत आणि बोटांच्या टोकावरच्या रेषा पुसून जात.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मैनाच्या वाडीतून दीपाली उभी होती. शिकलेली, तहसीलदारासमोरही न दबणारी सून. तिच्यासमोर सखारामभाऊंची सून. सखारामभाऊ म्हणजे गावचे गावकर. देवळातला पहिला मान त्यांचा, आणि आजवर पंचायतही त्यांच्याच घरात राहिलेली.

मैना दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून धावतपळत शाळेवर आली. मतदान तिथंच होतं. यादीवर बोट फिरवणाऱ्या अधिकाऱ्यानं वर पाहिलं.

"तुमचं मत झालंय, बाई."

"माजं? मी आत्ता येतंय. ह्ये बोट बघा. शाई हाय काय?"

अधिकाऱ्यानं बोट पाहिलं. काळ्या बोटावर शाई होती की नव्हती, हे त्याला कळेना. तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले आणि नखं दाखवली. नखं कोरी होती.

सखारामभाऊ सुनेचे प्रतिनिधी म्हणून खोलीतच बसले होते. सकाळी मैनाच्या नावावर कोण बाई आली होती ते त्यांनी पाहिलं होतं, कारण ती त्यांच्याच घरातून आली होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी अधिकाऱ्यानं तिला एक कागदी मतपत्रिका दिली. तिनं शिक्का मारला आणि त्यानं ती पाकिटात घालून बंद केली.

"ह्ये मोजनार कधी?" तिनं विचारलं.

"कोर्टानं सांगितलं तर."

दीपाली एका मतानं पडली. कोर्टात कोणी गेलं नाही. कामावर खाडा करून रत्नागिरीला खेपा घालणार कोण? पाकीट कुठल्याशा पेटीत राहिलं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मैना उभी राहिली. बायका सभेला आल्या तर दाराशी बसायच्या, ही मधोमध जाऊन बोलली, "कार्ड बघितल्याबिगर कोनालाच मत देऊ द्यायचं नाय."

सखारामभाऊ हसले. "अगो, गावात कोन कोनाला वळखत नाय? कागद मागायचा तो परक्याकडं. म्हातारीकोतारी मानसं कागद कुठनं आनतील?"

"वळख हाय म्हनूनच चोरी झाली, भाऊ. मी कामावर हाय, ह्ये वळखीच्याच मानसाला म्हाईत व्हतं."



कार्ड दाखवण्याचा नियम तेव्हाही होताच, पण पाळत कोण होतं? मैनानं तो पाळायला लावला. रविवारी बायकांना घेऊन ती पालीला जाई, फोटो काढून घेई, अर्ज भरायला दीपालीच्या ओटीवर बसवी. मुंबईकरांची कार्डं त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत म्हणून भांडे. पुढच्या निवडणुकीत ती दीपालीची प्रतिनिधी म्हणून खोलीत बसली, तीही दारासमोर. मुंबईला असलेल्यांच्या नावावरची खोटी मतं त्या वर्षी गावात पडली नाहीत. दीपाली सरपंच झाली.

त्याच मतदानाच्या दिवशी रघू आला. जन्मभर गावची गुरं राखलेला म्हातारा, एका डोळ्यानं जेमतेम दिसणारा. आदल्या वर्षीच्या वादळात त्याचं छप्पर उडालं होतं. पेटीतल्या कागदांचा लगदा झाला होता.

"कार्ड नाय," तो म्हणाला. मग दिसणारा डोळा बारीक करून तिच्याकडं वळला. "मैने, सांग की गो ह्यांना. मी रघू हाय."

अधिकाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. रघूचं मत सखारामभाऊंना जाणार, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आज एकाला सोडलात तर उद्या धा येतील."

रघू काठी टेकत पायऱ्या उतरला. पुढच्या गणपतीआधी तो वारला. मैना दिवसकार्याला गेली, पण पानावर बसली नाही.

मधल्या काळात मतदारयादी तपासायला एक माणूस वाडीत आला. मैना कामावर होती. शेजारणीनं चांगल्या मनानं आपल्याकडं ठेवलेलं मैनाचं रेशनकार्ड पुढं केलं. त्यावर राजश्री होतं. त्यानं यादीतल्या मैनाची राजश्री करून टाकली, नवीन कार्ड टपालानं येईल म्हणून सांगितलं आणि तो गेला. कार्ड आलं नाही. मैनाकडं जुनं मतदार कार्ड होतं, आधार होतं, बँकेचं पुस्तक होतं. सगळ्यांवर मैना. आधारवरचं नाव बदलायला ती हातखंब्याला गेली, तर यंत्र तिची बोटं घेईना. केंद्रावरची पोरगी म्हणाली, "काकी, हात स्वच्छ धुऊन या." ती धुऊन आली. मग पोरीनं ती बोटं नीट पाहिली आणि यंत्र बाजूला सारलं. डोळ्यांवरून होतं म्हणून रत्नागिरीला पाठवलं. तिथं मोतीबिंदू आडवा आला.

आणि त्यापुढच्या निवडणुकीत मैना रांगेतून खोलीत शिरली तेव्हा सखारामभाऊंचा पुतण्या अनिल प्रतिनिधी म्हणून बसला होता.

"यादीत राजश्री हाय," तो म्हणाला. "ह्या मैना. माजी हरकत हाय."

अधिकारी तरुण मास्तर होता. त्यानं तीनही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. "आजी, रेशनकार्ड इथं चालत नाही. राजश्री नावाचं, फोटो असलेलं काहीच नाही?"

"मीच राजश्री."

"तसा काही पुरावा?"

रांगेतल्या बायका दारातून ओरडल्या, "आमी सांगतंव! तीच ती!" अनिल शांतपणे म्हणाला, "काकी, कागदाबिगर मत नाय, ह्यो तुमचाच नियम ना?"

 मैनाला रघूच्या काठीचा पायऱ्यांवरचा आवाज आठवला, आणि आपण त्या वेळी उठून दारापर्यंतही गेलो नव्हतो, हेही.

तेवढ्यात सखारामभाऊ आत आले. ऐंशीच्या घरातले, नातवाचा हात धरून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरला म्हणाले, "सोनूची बायको हाय ती. लग्नात मी होतो. राजश्री नाव ठेवलेलं मी ऐकलंय. अनिल, हरकत मागं घे."

अनिलनं घेतली. मास्तरनं सखारामभाऊंचा जबाब लिहून घेतला आणि त्यांची सही घेतली. मैनाच्या बोटाला शाई लागली. ती यंत्रासमोर इतका वेळ उभी राहिली की मास्तरला हाक मारावी लागली. मग तिनं बटण दाबलं.

बाहेर सखारामभाऊ बाकावर टेकले होते. "झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. म्हणावंच लागलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की भाऊंनी मैनाला मत मिळवून दिलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका तिच्यासमोर भाऊंचं मन किती मोठं ते सांगत होत्या. ज्यांची मतं मैनानं वाचवली होती, त्याच बायका. ती घागर अर्धीच भरून परतली.

महिन्याभरानं ती यादीतलं नाव पुन्हा मैना करून घ्यायला तहसील कचेरीत गेली. कारकुनानं अर्ज वाचून विचारलं, "मैना आणि राजश्री एकच, हे कशावरून? माहेरचा काही दाखला आणा."

तिचं माहेर राजापूरच्या बाजूला. एसटीनं गेली. भाऊ वारला होता. भाच्याच्या बायकोनं चहा दिला, पण ही नात्यानं कोण लागते ते तिला उमगेना. शाळेतल्या बाईंनी जुनी रजिस्टरं काढून दाखवली. भावाचं नाव होतं. मैनाचं नव्हतं, तिला शाळेत घातलंच नव्हतं. घरपट्टीच्या वहीत मुलींची नावं लिहायची रीत नव्हती. ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली. अर्ज तसाच राहिला.

पुढं पुन्हा पंचायतीची निवडणूक लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी अनिल तिच्या अंगणात उभा राहिला. या खेपेला आवाज मऊ होता. "काकी, भाऊंनी निरोप दिलाय. कागदाची काळजी करू नका. ते सकाळपासून शाळेवरच बसनार हायत. तुमी फक्त या."

मैना पीठ मळत राहिली. तो गेल्यावर तिनं भाकरी थापल्या, दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी बांधून ठेवल्या. सकाळी शाळेवर रांग लागली होती. मैना खालच्या वाटेनं कारखान्यात गेली. आता मतदानाला भरपगारी सुट्टी मिळत होती. कारखान्याला कुलूप होतं. ती फाटकाशी बसून राहिली आणि मतदान संपल्यावर घरी आली.