हौदातलं पाणी हौदात

झरीच्या रस्त्याला राजेश्रीताईंनी शेतात बंगला बांधला आणि दारात पोहायचा पूल. गावात हसू झालं. "पूल? अन् खाली नदी कुठाय?" आश्रुबा त्याला हौदच म्हणायचा. सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून त्याची पाठ गेली होती. इथं हौदाची राखण करायची, त्यावर पगार आणि मागची खोली. ती सुटली तर त्याला आणि बायकोला, सरजाबाईला, दुसरा आसरा नव्हता.

ताई परभणीत राहायच्या, सुट्टीला यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी हिरवं पडलं. आश्रुबा काथ्या घेऊन उतरला. भिंती, पायऱ्या, कोपरे. बोटभर जागा सोडली नाही. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर बादलीत कालवून ओतली. पाणी जरा निवळलं की भिंत पुन्हा बुळबुळीत. तो पुन्हा उतरायचा. नखं सोलली, डोळे जळाले.

"आवं, किती घासायलाव? हौद हाय का म्हस?" सरजाबाई म्हणायची.

"म्हस बरी. घासली तर दूध तरी देती."

ताईंची लेक निकिता मैत्रिणींना घेऊन आली. काठावरच नाक दाबलं. "ई, डबकं!" पाण्यात कुणीच उतरलं नाही.

ताई परभणीहून असे पूल सांभाळणारा माणूस घेऊन आल्या. त्यानं पाण्याकडं एकदाच पाहिलं.

"काका, मोटर किती वेळ लावता?"

"ताई आल्या की लावतो. एरवी कशाला? हौदातलं पाणी उचलायचं अन् हौदातच टाकायचं. उगं लाईट जाळायची?"

"आवो, पाणी फिरलंच न्हाई तर औषध सगळीकडं पोचंल कसं? घासलेलं शेवाळ मोटरीच्या गाळणीत अडकाय पायजे. ते तर पाण्यातच ऱ्हायलंय. तुमी घासायला न्हाईत, पेरायलाव."

आश्रुबानं मोटरीच्या बटणाकडं पाहिलं. मोटर रोज लावा, असं ताईंनी बजावलं होतं. त्यानं मान डोलावली होती आणि गाडी वळताच बटण बंद केलं होतं. त्यांचंच बिल वाचवत होता तो.

"आता रोज लावतो, ताई."

"राहू द्या काका. निकिता आता यायची नाही म्हणते. मुरूम टाकून बुजवून घेऊ."

खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. हौदच नाही तर राखण कशाची, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

हौद उपसायचं कामही त्याच्याकडंच आलं. त्यानं बटण दाबलं. मोटर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका दमात चालली. हिरवं पाणी ओढ्याला जात राहिलं, आणि मागं सरजाबाई भांडी पोत्यात भरायली होती.