भरतीला काढलेला नकाशा

माझ्या आत्याने समुद्र विकून सोफा घेतला, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यावरचा शिंपी तर तोंडात टाचण्या धरूनच सांगतो, "शिंपल्यावाल्या बायकांच्या सह्या गेल्या वर, अन् सोफा आला घरात. मी काही बोलत नाही हं. मला काय करायचंय!" न बोलता माणूस इतकं बोलतो, मग बोलायला लागला तर काय होईल?

तर खरं असं आहे. तो सोफा माझ्या बाबांचा. स्प्रिंग वर आली म्हणून त्यांनी बहिणीच्या गळ्यात मारला. त्याच्यावर बसलेला पाहुणा चहा यायच्या आत उठतो. राहिल्या सह्या. शेवटच्या मीटिंगपर्यंत आत्याने एकही सही वर पाठवली नव्हती, आणि सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

आत्या बावन्न वर्षांची. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं आणि पाणी परत यायच्या आत शिंपल्या वेचून बाहेर पडायचं, हे तिने वीस वर्षं केलं. मग गुडघे बोलायला लागले. तेव्हा किनारा संरक्षण आराखड्याच्या ऑफिसात तिला समन्वयक म्हणून घेतलं. समन्वयक म्हणजे मच्छीमार, बोटवाले, शिंपल्या वेचणाऱ्या बायका आणि साहेब यांना एका टेबलाशी आणायचं. तिला स्वतःला मात्र टेबल नाही. झेरॉक्स मशीनच्या बाजूला एक खुर्ची आहे. दिवसभर मशीन तिच्या कानात घरघरतं आणि प्रत्येक येणारा विचारतो, "दोन कॉप्या काढता का?"

गेल्या वर्षी साहेबांच्या केबिनमध्ये नवा नकाशा लागला. चौकोन चौदा, म्हणजे त्रेसष्ट बायका रोज जिथे कमरेत वाकतात तो अख्खा चिखलाचा पट्टा, निळाशार. खाली लिहिलेलं: "कायम पाणी. स्थानिक वापर: नाही." आणि जिथे वापर नाही तिथे पूर्ण बंदी घालायची, असा प्रस्ताव. कोणाचं नुकसान नाही ना, मग घाला बंदी! त्रेसष्ट घरांच्या चुली एका ओळीत विझवल्या आणि वर मासे वाचवल्याचं पुण्य.

हे झालं कसं? मोजणी बोटीतून झाली. बोटीला पाणी लागतं. म्हणून बोट भरतीला आली, भरतीला फिरली आणि भरतीलाच परत गेली. तीनदा आली, तीनदा पाणी दिसलं. आत्या म्हणाली, "साहेब, सहा तासांनी एकदा येऊन बघा ना."

साहेब बोलायच्या आधी नाकाने लांब श्वास घेतात, सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखा. मग म्हणतात, "त्याचं असं आहे बाई, सहा तासांनी ऑफिस बंद होतं."

पुढची गंमत ऐका. ओहोटी असली की बोट चालत नाही. बोट चालली नाही की साहेब मोकळे. साहेब मोकळे की अकरा वाजता मीटिंग. म्हणजे प्रत्येक मीटिंग नेमकी बायका चिखलात असताना! इतिवृत्तात तीन वेळा छापलं गेलं: "निमंत्रण देऊनही महिला प्रतिनिधी अनुपस्थित." आत्याने वेळ बदलायला दोन पत्रं दिली. तिच्याच मशीनवर त्यांच्या कॉप्या निघाल्या आणि फाइलला लागल्या.

आत्या चिडली की ओरडत नाही, घड्या घालते. त्या दिवशी तिने एकच चादर चार वेळा घडी केली आणि चार वेळा झटकली. कारण तेवढ्यावर भागलं नव्हतं. बायका दर वर्षी चौकोन चौदाचा एक तुकडा राखून ठेवतात. चारी बाजूंनी काठ्या रोवतात, आत वर्षभर कोणी पाय ठेवत नाही, पिल्लं वाढू देतात. भरतीला काठ्यांची टोकं पाण्यावर दिसतात. ऑफिसने स्वच्छता मोहीम काढली, एकसारख्या टीशर्टातली मंडळी होड्यांतून आली आणि त्यांनी कचरा म्हणून सगळ्या काठ्या उपटल्या. साहेबांचा त्या काठ्यांच्या ढिगासोबत फोटो आहे, अंगठा वर करून. किनाऱ्यावर एकच गोष्ट कोणीतरी खरोखर राखली होती, ती उपटून त्यांनी संरक्षणाचा फोटो काढला!

शेवटची मीटिंग आली. नियम असा की महिला प्रतिनिधींच्या सह्यांशिवाय नकाशा वर जात नाही, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. नोटीस काढायचं काम आत्याचं. तिने वेळ तीच ठेवली, अकरा. जागा लिहिली: किनारा, चौकोन चौदा. साहेबांनी वेळ वाचली आणि सही केली.

मला सुट्टी होती. अशी करमणूक कोण सोडतंय? मी गेले.

साहेब गाडीतून उतरले, मागोमाग मोजणीचं, जागा दाखवणारं यंत्र घेतलेला मशीनवाला. खुर्च्या नाहीत, मंडप नाही. दूर चिखलात वाकलेल्या पाठी.

"बाई, मीटिंग कुठे आहे?"

"ती काय, चालू झालीसुद्धा."

लांब श्वास. "त्याचं असं आहे, प्रतिनिधींनी इकडे यायला हवं."

"त्या इकडे आल्या तर त्यांचा दिवस बुडतो साहेब. तुम्ही तिकडे गेलात तर फक्त पाय भरतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मुदत आठवली असावी, आणि बूट काढले. तिकडून भोंगाकाकू ओरडली. तिचं नाव भोंगा का, हे तीनशे पावलांवरूनही कळतं. "अगं बायांनो, पाय बघा साहेबांचे, जसे सोललेले बटाटे! ओ साहेब, उजवीकडून या, डावीकडे कमरेपर्यंत जाल!"

चालता चालता मी आत्याच्या कानाशी लागले. "फार तर 'हंगामी वापर' लिहितील. लाव पैज."

"'रोज' लिहितील," आत्या म्हणाली. "हरलीस तर महिनाभर कोणाची नक्कल करायची नाही."

"चालेल!" मी साहेबांना ओळखून होते.

मध्यभागी पोचल्यावर आत्याने मशीनवाल्याला विचारलं, "आपण कुठे आहोत, दादा?"

"चौकोन चौदा."

"नकाशात काय आहे इथे?"

त्याने साहेबांकडे पाहिलं. "कायम पाणी. दीड मीटर."

"म्हणजे साहेब गळ्यापर्यंत बुडालेत की!" भोंगाकाकू म्हणाली आणि बायका टोपल्या धरून हसल्या.

साहेबांनी पेन काढलं, सोबत आणलेल्या नकाशावरचं "नाही" खोडलं आणि लिहिलं, "हंगामी". मी मनातल्या मनात नाचले.

"कोणता हंगाम, साहेब?" आत्याचा आवाज अगदी मऊ, चादरीच्या घडीसारखा. "ह्यांनाच विचारा."

"मी काल होते." "मी परवा, काल आणि आज." "मी लेकीच्या लग्नादिवशी पहाटे येऊन गेले, विचारा विहिणीला." भोंगाकाकू म्हणाली, "मी झगा घालत होते तेव्हापासून येते. तुमचा हंगाम बराच लांबला म्हणायचा."

"'रोज' लिहा, त्रेसष्ट सह्या इथेच घ्या," आत्या म्हणाली. "'हंगामी' राहिलं तर अनुपस्थित लिहा. सवय आहे आम्हाला."

तेवढ्यात मशीनवाला कुजबुजला, "साहेब, पाणी फिरलं."

"येऊ दे की," भोंगाकाकू म्हणाली. "नकाशात आहेच!"

साहेबांनी पायाशी पाहिलं, मग कागदाकडे. "हंगामी" खोडलं. "रोज" लिहिलं. राखीव तुकडा आणि काठ्या न काढण्याची अटही आत्याने त्याच कागदावर घालून घेतली. बायकांनी चिखलाच्या बोटांनी सह्या केल्या, आणि आम्ही पोटऱ्यांइतक्या पाण्यातून बाहेर आलो.

परवा अहवाल छापून आला. "कार्यालयाच्या सूक्ष्म निरीक्षणातून चौकोन चौदामध्ये रोजचा वापर असल्याचे आढळले." सूक्ष्म निरीक्षण! आत्याचं नाव नाही, बायकांचं नाही. आत्याने अहवाल दोनदा वाचला आणि टॉवेल घडी करायला घेतला. मी तिच्यासमोर तो कागद धरून बसले आहे, साहेबांचा तो लांब श्वास माझ्या नाकाशी येऊन थांबलाय, आणि पैजेचे अजून अकरा दिवस बाकी आहेत.