मामांची कॅनडाशी सोयरीक

माझ्या मामांइतका मोठा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि आता कॅनडात राहून रोज चांगले सहाफुटी लोक बघते तरी माझ्या या मतात फरक पडलेला नाही. मामा उंचीने बेताचेच. पण ते एखाद्या कचेरीत शिरले की आतल्या साहेबाला आपण उगाच खुर्चीवर बसलोय असं वाटायला लागतं. पाटसला साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांना नंबर लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हंगामात लांबून ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू आलं की मामा बसल्या जागेवरून गाडी कुठल्या गावची ते सांगायचे, आणि ड्रायव्हर जेवलाय की उपाशी आहे तेही. हंगाम संपला की सोयरिकी जमवायच्या. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडच्या पोरी पलीकडे आणि पलीकडच्या अलीकडे देण्याचं काम मामांनी इतकं केलंय, की नदीवरचा पूल सरकारने त्यांच्या जाण्यायेण्याची सोय म्हणूनच बांधला असं माझी आई अजून म्हणते. माझ्या बाबतीत मात्र सोयरिकीला पूल ओलांडावा लागला नाही, दोन्ही गावं शिरूरकडचीच. मी निमोण्याची, मला न्हावऱ्यात दिली.

सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. मला भाऊ नाही आणि वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे माझे मुराळी मामाच. पंचमी आली की पाटसहून मोटारसायकल निघायची. डोक्याला टॉवेल, हँडलला भेळेची पिशवी. माझ्या सासरच्या अंगणात गाडीचं इंजिन बंद न करताच ते ओरडायचे, "चल पोरी, उन्हं व्हायच्या आत निघू." मग चहा व्हायचा, चहावर जेवण व्हायचं, जेवणावर सासऱ्यांशी उसाच्या भावावरून भांडण व्हायचं, आणि आम्ही निघायचो तेव्हा उन्हं उतरलेली असायची. पण वाक्य दर वर्षी तेच, आणि ते ऐकलं की मी हातातलं काम टाकून पिशवी भरायला पळायचे.

मामांच्या सवयी सांगायला बसले तर इथला हिवाळा संपेल, आणि तो लवकर संपत नाही. त्यातली मोठी सवय म्हणजे कुठल्याही सरकारी कामाला एकटं जायचं नाही. "येकटा गेला का त्यो अर्जदार. चौघं गेलं का शिष्टमंडळ," असं ते म्हणायचे. त्यामुळे साधा उत्पन्नाचा दाखला आणायचा तरी मामांच्या मागे तीन माणसं असायची, आणि त्यातल्या एकाला तरी आपण कशासाठी आलोय हे माहीत नसायचं. दुसरी सवय लॅमिनेशनची. कागद महत्त्वाचा वाटला की मामा तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणायचे. माझ्या लग्नाचा दाखलाही त्यांनी असाच चकचकीत करून आणला. त्यावर नोटरीचा शिक्का काही केल्या बसेना, शाई घरंगळून खाली यायची. "आवो, पावसात बी भिजत न्हाई त्यो," मामा नोटरीला अभिमानाने सांगत होते. आम्हाला दाखला नव्याने काढावा लागला. मामांनी तोही लॅमिनेट करायला नेला होता, मी रस्त्यात गाठला.

आणि तो कोट. माझा नवरा कॅनडात ट्रक दुरुस्तीच्या कामाला. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्याने मामांना बर्फात घालायचा जाडजूड कोट आणला. दौंडच्या उन्हात त्याचा काय उपयोग, असं आम्हाला वाटलं. पण नवऱ्याने माझ्या कायमच्या रहिवासाचा अर्ज भरला, आणि त्या दिवसापासून अर्जाच्या कुठल्याही कामाला मामा तो कोट घालूनच निघायला लागले. ऐन एप्रिलमध्ये, शिरूरच्या स्टँडवर, गळ्यापर्यंत चेन लावून. घामाने ते निथळत असायचे आणि आजूबाजूची माणसं वळून बघायची. "कॅनडाचं काम हाय," ते कुणी न विचारता सांगायचे.

अर्ज भरून बरेच दिवस झाले होते. लग्न झाल्यावर नवरा मोजके दिवस राहून गेला आणि मी न्हावऱ्यात शिकवण्या घेत थांबले. गावाला पहिल्या वर्षी कौतुक असतं. नंतर बायका हळू आवाजात विचारायला लागतात, "तिकडं दुसरं काय न्हाई ना?" मी हसण्यावारी न्यायचे. घरी येऊन मात्र हसू यायचं नाही. अशात कॅनडाच्या व्हिसा कचेरीतून पत्र आलं. तुम्ही नवरा-बायको पैशाचा संसार एकत्र करता याचे पुरावे मुदतीत पाठवा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल.

आता आमच्या घरात पैशाचा पुरावा म्हणजे काय, तर लाइटबिल आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन जमाना झाला. उसाचं बिल सासऱ्यांच्या नावावर, दुधाचा पगार सासूबाईंच्या. कर्ता मुलगा आणि त्याची बायको यांची नावं एका कागदावर यावीत असं आमच्याकडे कधी कुणाला वाटलेलंच नाही. माझं आणि नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी दोनच ठिकाणी होतं. एक लग्नपत्रिकेवर आणि दुसरं शिरूरच्या बँकेतल्या जॉइंट खात्यावर, जे त्याने जाता जाता उघडलं आणि ज्यात खातं बंद पडू नये एवढेच पैसे होते. मी रडत मामांना फोन लावला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी ती लोकं घर बघायला येनार," ते म्हणाले.

"येणार नाहीत मामा. कागद बघणार."

"मंग कागदात घर लावू की. त्यात काय येवढं!"

घर लावणं म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. स्थळ बघायला पाहुणे येणार असले की शेजारचा ट्रॅक्टर आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. चुलत्याच्या दोन गाई आपल्या गोठ्यात बांधल्या जातात. सोफा समोरच्यांचा, आणि कपबशा तर चार घरांच्या. याला कुणी खोटं म्हणत नाही. आज त्यांचा ट्रॅक्टर आपल्याकडे, उद्या आपला त्यांच्याकडे. मामांनी असे ट्रॅक्टर इतक्या अंगणांत उभे केले होते, की कॅनडा म्हणजे जरा लांबचं स्थळ, एवढाच फरक त्यांना दिसला. कोट चढवून, आमच्या जॉइंट खात्याचा नंबर खिशात घालून ते दोन्ही तालुक्यांत फिरले.

आणि माझा फोन वाजायला लागला. जमा. जमा. जमा. आधी मामांनी स्वतःचे पैसे टाकले, मग पाटसच्या ड्रायव्हरांनी टाकले, मामांनी लग्न जमवून दिलेल्या पोरींच्या नवऱ्यांनी टाकले. ज्यांचं मी नावही ऐकलेलं नव्हतं अशा माणसांनी टाकले. परत कधी देणार, हे एकानेही विचारलं नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मी थक्क होऊन नुसती बघत बसले. आपला मामा दारात जाऊन उभा राहिला आणि त्याच्या नुसत्या शब्दावर माणसांनी कष्टाचे पैसे काढून दिले, याचाच मला अभिमान वाटत होता.

ते सगळे कागद घेऊन आम्ही पुण्याला गेलो. अर्जाचं काम बघणाऱ्या सल्लागार बाई तरुण होत्या, मामा त्यांना ताई म्हणायचे आणि दर खेपेला कांद्याची पिशवी न्यायचे. बाईंनी खात्याचा उतारा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे काय आहे? इतके महिने कोरडं खातं आणि एका आठवड्यात एवढे पैसे? ते म्हणतील, खातं दिखाव्यासाठी भरलंय."

"दिखाव्यासाठीच भरलंय, ताई," मामा म्हणाले.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. पैसे किती आहेत हे त्या लोकांनी विचारलेलंच नव्हतं. दोघांचे पैसे एकमेकांत मिसळलेले आहेत का, एवढंच विचारलं होतं. आता हा उतारा पाठवला तर लबाडी दिसणार, आणि लपवला तर ती खरोखरची लबाडी होणार. लबाडीचा शिक्का एकदा बसला की पुढची वाट अवघड. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चेन उघडली, कोट काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. त्या कोटाशिवाय ते मला एकदम म्हातारे दिसले.

बाईंनी विषय बदलावा म्हणून मला विचारलं, "नवरा पैसे पाठवतो ना? ते कशाला जातात?" मी सांगत गेले. आजेसासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. विहिरीवरची मोटर जळली तिला. माझ्या दाढेला. आणि शिकवणीच्या पैशांतून मी त्याच्या विम्याचा हप्ता भरते, तो विसरतो म्हणून.

"अहो, मग हेच हवंय त्यांना!" बाई म्हणाल्या. "फोनवर असेल ना सगळं?"

"ह्ये?" मामांचा विश्वास बसेना. "ह्ये तर समदीच नवरा-बायकू करत्यात."

"म्हणूनच तर विचारलंय, काका."

दाढेची आणि मोटरची पावती झाली, पण भरलेल्या खात्याचं काय, ते तसंच राहिलं. परतीच्या एसटीत शिक्रापूर येईपर्यंत मामा कोटाची घडी मांडीवर घेऊन बसले होते. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मग ते एकदम म्हणाले, "चुकलं माजं, पोरी." मी त्यांना पाण्याची बाटली दिली. ती तशीच हातात धरून ते म्हणाले, "बघन्यात ट्रॅक्टर शेजाऱ्याचा निघाला आन् पाव्हन्यांना कळलं, तर काय करत्यात ठावं हाय?"

"काय?"

"शेजाऱ्यालाच पुढं उभा करायचा. त्यानं सांगायचं, व्हय, ट्रॅक्टर माजा हाय. पन पोरगं गुनाचं हाय म्हून मी लावला. आरं, तवा तर सोयरीक आजून पक्की हुती."

त्याच आठवड्यात शिरूरला नोटरीच्या टेबलापुढे एक पिकअप येऊन थांबला आणि त्यातून शिष्टमंडळ उतरलं. पाटसचे ड्रायव्हर, मामांनी सोयरिकी जमवून दिलेले जावई, एक आजी, ज्यांना मागे बसवत नाही म्हणून पुढे बसवलं होतं. कुणी दिवसाचा रोज बुडवून आलं होतं, कुणी गाई दुसऱ्याच्या भरवशावर सोडून. एकेकाने पुढे येऊन लिहून दिलं, की पैसे माझे आहेत आणि मी का ठेवले. टाइप करणारा सगळ्यांना एकच मजकूर देऊ बघत होता, पण कुणी ऐकेना. प्रत्येकाला आपलं वेगळं सांगायचं होतं. आजी म्हणाल्या, "लिव्ह, पोरीचं नांदनं हाय, म्हून दिलं." सगळ्यांत शेवटी मामा, कोट घालून. त्यांनी लिहून दिलं की घर भरलेलं दिसावं ही आमच्याकडची रीत आहे, ती मी चुकीच्या जागी केली, भाचीने सांगितलं नव्हतं, जावयाने सांगितलं नव्हतं, दोष माझा एकट्याचा आहे. सही करताना ते मध्येच थांबले, माझ्याकडे बघितलं आणि मग पुढची अक्षरं गिरवली. ज्या माणसापुढे साहेब खुर्चीत अवघडतात, तो माणूस न पाहिलेल्या साहेबाची माफी मागत होता, आणि तीही माझ्यासाठी. मला त्या घटकेला ते जेवढे मोठे दिसले तेवढं कुणीच कधी दिसलं नाही. पैसे मात्र उत्तर येईपर्यंत कुणी हलवायचे नाहीत, असं बाईंनी बजावलं आणि सगळी कागदपत्रं इंग्रजीत करून खऱ्याखुऱ्या खुलाशासकट पाठवून दिली.

वाट बघण्याचे दिवस मी सांगत नाही. मंजुरी आली तेव्हा मामा यार्डाजवळच्या टपरीवर होते. मी फोनवर नीट बोलूही शकले नाही, पण त्यांनी ओळखलं. "जमलं!" ते टपरीभर ओरडले. सोयरीक जमली की साखर वाटायची, ती त्यांनी दोन्ही तालुक्यांत वाटली. कॅनडाच्या हातावर ठेवता येईना म्हणून मुद्दाम पुण्याला जाऊन सल्लागार बाईंच्या हातावर ठेवली.

मग मी बँकेतून एकेकाचे पैसे परत केले. मामांचे द्यायला गेले तर ते हात मागे बांधून उभे.

"ऱ्हाऊ दे ते."

"मामा, असं कसं? तुमचे एवढे सगळे..."

"जायाचं भाडं जावईबापूंचं. पन माह्यारी आनायचं भाडं मुराळ्याचं आसतं. तिकडं माजी मोटारसायकल काय येत न्हाई." मग माझ्याकडे न बघता कोटाची चेन वरखाली करत म्हणाले, "लांब दिली म्या तुला. कागुद करताना ध्यानात नव्हतं आलं. सही केली तवा आलं."

ते खातं अजून तसंच आहे, दोघांच्या नावाचं. मामांच्या पैशांना आम्ही हात लावलेला नाही. तिकिटांचे भाव असे चढलेत की आता त्यात यायचं भाडं निम्मंही निघत नाही. हे मी मामांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पंचमीला तिकडे सकाळ होते तेव्हा इकडे आदली रात्र असते, आणि व्हिडिओ कॉल येतो. मामा पाटसला आपल्या अंगणात मोटारसायकलवर बसलेले असतात. डोक्याला टॉवेल, हँडलला भेळेची पिशवी, इंजिन चालू.

"चल पोरी," ते म्हणतात, "उन्हं व्हायच्या आत निघू."

मी म्हणते, "आले मामा, आवरते." ते मान हलवतात, आणि इंजिन बंद न करता तसेच बसून राहतात.