शैलाताईंनी राखलेले मंगळवार

शैलाताई गेल्या, हे मला पाऊण तास उशिरा कळलं. समोर बाई बोलत असताना फोन उचलायचा नाही, ही त्यांचीच शिस्त. बाहेर येऊन पाहिलं तर त्यांच्या मुलाचे चार मिस्ड कॉल... महिना झाला, मी अजून त्यांच्यावर चिडलेली आहे. एवढी कसली घाई होती?

पुण्याहून मानसशास्त्र शिकून मी रत्नागिरीत त्यांच्या समुपदेशन केंद्रात आले ती भलत्याच तोऱ्यात. पहिल्याच महिन्यात पालीहून सुजाता आली (नाव बदललं आहे). तक्रार एकच, झोप लागत नाही. नवरा मुंबईला नोकरीला. तासाभरात त्याचे तीन व्हिडिओ कॉल. ती गेल्यावर मी म्हणाले, "काळजी घेणारा आहे हो नवरा."

"फोन वाजल्यावर तिनं आधी काय केलं?" शैलाताईंनी विचारलं.

"उचलला."

"आधी खुर्ची फिरवली. मागे नुसती भिंत दिसेल अशी. मग हसली, मग उचलला. अगो, ती घाबरते त्याला."

पुढच्या मंगळवारी त्यांनी सुजाताला एकटीला सरळच विचारलं, "घरी कुणाची भीती वाटते का?" तिनं बाही वर केली. तो सुट्टीला येऊन गेला होता.

आणि मग मी शहाणपणा केला. आठवणीचा मेसेज पाठवला: उद्या अकराला समुपदेशन आहे. तिचे मेसेज त्याच्याही फोनवर दिसतात का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मंगळवारी ती आली नाही. फोन बंद. तिनंच दिलेल्या बहिणीच्या नंबरावर कळलं, तो गाडी पकडून घरी आलाय. मी पर्स उचलून पालीला निघाले. शैलाताईंनी हात धरला. "जिवाला धोका आहे असं बहीण म्हणाली, तर याच पावली पोलिसांना घेऊन जाऊ. नाहीतर तू दारात भांडून परत येशील, आणि ती तिथंच राहील."

पाच मंगळवार त्यांनी अकराची वेळ दुसऱ्या कुणाला दिली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडायला उठायचे. सहाव्या मंगळवारी ती आली, डावा हात प्लॅस्टरमध्ये. "अजून त्या घरात राहतेस कशी?" मी बोलून गेले. शैलाताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "तो मेसेज ही माझी चूक. तुझा काही दोष नाही." मी शेजारी उभी होते. गप्प राहिले. लाज वाटते लिहिताना.

नंतर दोन महिने त्या तिच्याशी हळूहळू ठरवत गेल्या... कागद कुणाकडे ठेवायचे, हाक कुणाला मारायची, निघायचं कधी. निघायचा दिवस सगळ्यांत धोक्याचा, असं त्या बजावायच्या. एका सकाळी सुजाता मुलीला घेऊन बहिणीकडे आली ती कायमची.

गेल्या आठवड्यात ती केंद्रात आली. मी तिला सांगून टाकलं, "मेसेज मी पाठवला होता."

"म्हायत हाय मला," ती म्हणाली. "ताईंना कुठं येत होतं मोबाइलवर लिवायला?"

"मग रागावली नाहीस?"

"रागावलेले की. खूप." ती शैलाताईंच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली. "पन आता तिथं बसा. त्याचा परत फोन यायला लागलाय."

मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले.